हमीपत्र आणि सायकलचा सांगाडा

एके काळी व्यापारी घरातील सायकल ही दुकानाच्या कामासाठी घेतलेली वस्तू असे. काळ्या रंगाची, पोलादी, मागे रुंद कॅरियर असलेली. ती मोडली की कोपऱ्यावरचा मिस्त्री सांध्यात पितळ ओतून ती जोडून देई आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मालाचे गठ्ठे वाहू लागे. आज त्याच घरात मुलाच्या दहावीच्या गुणांचे किंवा वडिलांच्या रक्तदाबाचे निमित्त होऊन डोंगरी सायकल येते. जाड टायर, पुढे झटका शोषणारा चिमटा, डिस्क ब्रेक, आणि किंमत चाळीस-पन्नास हजारांपासून लाखाच्याही पुढे. अशा सायकलीच्या सांगाड्याला, म्हणजे दुकानदार ज्याला फ्रेम म्हणतो त्या भागाला, दोन-तीन वर्षांनी एक बारीक चीर दिसते, तेव्हा घरात दोन प्रश्न विचारले जातात. एवढी महाग वस्तू तुटतेच कशी? आणि आता ती भरून कोण देणार? दुसरा प्रश्न पहिल्याहून निकडीचा वाटतो. परंतु पहिल्याचे उत्तर ज्याला ठाऊक नाही, त्याला दुसऱ्याची बाजू नीट मांडता येत नाही, असाच अनुभव आहे.

धातूला थकवा येतो. बारीक तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच पुढे-मागे वीस-पंचवीस वेळा वाकवली की हातात दोन तुकडे येतात, आणि शेवटच्या वेळी जोर काही जास्त लावलेला नसतो. हे सत्य उद्योगजगताला मोठी किंमत मोजून कळले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस म्यूदोंजवळ तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि अनेक प्रवासी प्राणास मुकले. त्यांत प्रसिद्ध दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल हेही होते. असे आस वरकरणी धडधाकट दिसत असताना का तुटतात, याचा पद्धतशीर शोध पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने १८५०-६० च्या दशकांत घेतला. एका दणक्यात जो आस मोडत नाही, तो त्याहून पुष्कळ कमी भार लक्षावधी वेळा येत राहिला तर मोडतो, हे त्याने प्रयोगाने दाखवले. पोलादाच्या बाबतीत मात्र एक दिलासा असतो. भार एका मर्यादेच्या खाली राहिला, तर पोलाद जवळजवळ अनंतकाळ टिकते. अ‍ॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही. प्रत्येक हेलकावा त्याच्या आयुष्यातून थोडेसे काही वजा करीत जातो, रोजमेळातील लहानसहान खर्चासारखा. आणि आजच्या बहुसंख्य डोंगरी सायकलींचे सांगाडे अ‍ॅल्युमिनियमचे असतात.

डोंगरी सायकलीचा जन्मच मोडतोडीतून झाला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमलपाय डोंगराच्या परिसरातील कच्च्या उतारांवरून खाली सुटत. उतार इतका तीव्र की मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून १९७६ पासून तेथे होऊ लागलेल्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. जुने सांगाडे या छळापुढे टिकेनात. १९७७ मध्ये जो ब्रीझ या तरुणाने खास या कामासाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा नवा सांगाडा बांधला, तो आजच्या डोंगरी सायकलीचा पूर्वज मानला जातो. पुढे वजन कमी करण्याच्या चढाओढीत पोलादाची जागा अ‍ॅल्युमिनियमने आणि महागड्या सायकलींत कार्बनच्या तंतूंनी घेतली.

कारखाने हे सर्व जाणून असतात. सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हा आंतरराष्ट्रीय निकष आहे. त्यानुसार सांगाडा यंत्रावर बसवून पेडलवर पडणारा भार १,००,००० वेळा द्यावा लागतो. पुढच्या चाकाच्या जागी पुढे-मागे ढकलण्या-ओढण्याची चाचणी डोंगरी सायकलीसाठी ५०,००० वेळा होते. एवढे होऊनही कोठे चीर दिसता कामा नये. आकडे मोठे वाटतात. पण चढावर साधारण वेगाने पेडल मारणारा माणूस तासाभरात चार हजारांच्या आसपास फेरे सहज मारतो. त्यांतील प्रत्येक फेरा चाचणीइतका जड नसतो, हे खरे. तरीही चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे जन्मभर टिकण्याचे वचन नव्हे, एवढे ध्यानात यावे.

आता चिरेकडे. सांगाड्यातील नळ्या जेथे एकमेकींना मिळतात, तेथे वेल्डिंगचा टाका असतो, आणि बहुतेक चिरा त्या टाक्याच्या अगदी कडेला सुरू होतात. पेडलचा आस जेथे बसतो त्या कवचाभोवती, मागच्या चाकाला धरणाऱ्या दोन दांड्यांवर, हँडलच्या खालच्या नळीपाशी, किंवा सीट जेथे खाली-वर होते त्या नळीच्या तोंडाशी त्या आढळतात. यांतील शेवटच्या जागेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. सीटच्या दांड्यावर एक आडवी खूण कोरलेली असते. दांडा किमान तेवढा आत गेलाच पाहिजे असा तिचा अर्थ. मूल उंच होत जाते, सीट वर-वर ओढली जाते, एके दिवशी ती खूण नळीबाहेर दिसू लागते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. मग त्या आखूड पकडीवर सगळे वजन तरफेसारखे पडून नळीचे तोंड फाटते. अशा वेळी कंपनी हमी नाकारते, आणि तिचे म्हणणे खोटे नसते. विकताना ती खूण बोटाने दाखवून देणारे दुकानदार किती, हा मात्र निराळा प्रश्न.

चीर वाचता येते. थकव्याने गेलेल्या धातूचा तुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत असून त्यावर ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटतात तशा वळणदार रेषा दिसतात. चीर रोज किती पुढे सरकली याचाच जणू तो हिशेब. शेवटी उरलेला भाग मात्र एकदम तुटतो, म्हणून तो खडबडीत आणि दाणेदार असतो. याउलट सायकल समोरून भिंतीवर किंवा दगडावर आदळली असेल, तर हँडलमागच्या तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला कापडाला चुणी पडावी तशी सुरकुती पडते. कंपनीच्या माणसाला छायाचित्रातही हा फरक बहुधा कळतो. कार्बनच्या सांगाड्याला अशी सुरकुती पडत नाही. आतील थर सुटले तरी बाहेरून तो जवळपास तसाच दिसू शकतो, म्हणून त्याला मार बसल्यावर जाणकाराकडून तपासून घेणे अधिक गरजेचे.

वरच्या रंगाला गेलेली रेघ आणि धातूला गेलेली चीर यांत गल्लत होते. सायकल स्वच्छ पुसावी, भिंगातून पाहावे, रेघेच्या कडेला गंज किंवा काळपट भुकटी दिसते का ते तपासावे. पेडल मारताना नवी करकर ऐकू येत असेल तर ती दुर्लक्षू नये. संशय आला की सायकल उभी करावी. हमीचा निकाल काय लागायचा तो लागो, पण उतारावर वेगात असताना हँडलची नळी सांगाड्यापासून सुटली तर माणूस तोंडावर पडतो, आणि तेथे हेल्मेटही जबडा आणि दात वाचवीत नाही. आणखी एक. मिस्त्रीकडे नेऊन ती चीर वेल्ड करून घेण्याचा मोह टाळावा. पोलादी सायकलीच्या काळातील तो शहाणपणा येथे लागू पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वेल्ड केल्यानंतर कारखान्यात भट्टीत ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा मंद उष्णतेवर मुरवलेला असतो. त्यातून त्याला बळ येते. रस्त्यावरच्या वेल्डिंगने ते बळ टाक्याच्या आसपास निघून जाते. शिवाय कंपनीच्या लेखी ‘सांगाड्यात फेरफार झाला’ अशी नोंद होऊन हमीही संपते. दोनशे रुपयांत पन्नास हजारांचा हक्क जातो.

हमी म्हणजे तरी काय? बोलण्यात गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणे आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणे असा भेद केला जातो. तो बाजाराने पाडलेला आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याने पाडलेला भेद वेगळा. कराराच्या मूळ हेतूशी निगडित ती ‘शर्त’, तिचा भंग झाल्यास खरेदीदार करारच मोडू शकतो. आनुषंगिक ती ‘हमी’, तिच्या भंगाबद्दल भरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. मात्र कंपनीने स्वतः लिहून दिलेली स्पष्ट हमी ही आणखी पुढची गोष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादन त्या लेखी हमीप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कोणाला इजा किंवा हानी झाली, तर उत्पादकाला उत्तरदायी धरता येते. हमी देताना आपण निष्काळजी नव्हतो असे सिद्ध केले तरी त्याची सुटका होत नाही.

पेढीवर वाढलेल्या वाचकांना हा व्यवहार हुंडीच्या भाषेत लवकर कळेल. हुंडी लिहिणारा एका गावी, सकारणारा दुसऱ्या गावी, आणि मधे केवळ पतीवर चालणारा कागद. सायकलीची हमी लिहिणारा तैवानात किंवा अमेरिकेत असतो, ग्राहक तो कागद पुण्या-नाशिकच्या दुकानात दाखवतो. फरक इतकाच की येथे दुकानदाराला पदरचे पैसे मोजावे लागत नाहीत, श्रम मोजावे लागतात. आणि हुंडी परत गेली की जशी पेढीची अब्रू जाई, तशी ग्राहकाला हात हलवीत परत पाठवले की दुकानाची जाते, मग दोष कोणाचाही असो.

हुंडीवरच्या मजकुराप्रमाणे हमीपत्राचाही शब्दन् शब्द वाचावा लागतो. ट्रेक, जायंट, स्पेशलाइज्ड अशा मोठ्या कंपन्या आपल्या बहुतेक सांगाड्यांवर आजीवन हमी देतात; इतर अनेकांची हमी दोन किंवा पाच वर्षांची असते. पण ‘आजीवन’ या शब्दाने मोहून जाऊ नये. हे जीवन मूळ खरेदीदाराच्या मालकीपुरते असते. सायकल विकली किंवा पुतण्याला देऊन टाकली की पुढच्या मालकाला बहुधा काहीच उरत नाही. हमी कारागिरीच्या आणि धातूच्या दोषाची असते. अपघात, नेहमीची झीज, चुकीची जोडणी, भाड्याने देणे, उड्या मारण्याच्या खेळासाठी न बनवलेल्या सायकलीवर उड्या मारणे, हे सारे तिच्या बाहेर. अनेक कंपन्या सायकलींचे वापरानुसार वर्ग पाडतात; पक्का रस्ता, कच्चा रस्ता, डोंगरवाट, उड्या. हा वर्ग माहितीपुस्तिकेत किंवा सांगाड्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि तो वाचला जात नाही.

समजा, नगरच्या कापडबाजारातील एका घरातील मुलगा दर रविवारी सायकलवर चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर जातो. सायकल तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेली. एका रविवारी सायकल धुताना पेडलच्या कवचाजवळ, साखळीच्या बाजूच्या दांडीवर त्याला केसासारखी रेघ दिसते. वडील पुण्याच्या दुकानदाराला फोन लावतात. चांगला दुकानदार असेल तर तो पहिल्यांदा एवढेच म्हणतो, “शेठ, आधी सायकल चालवणे बंद करा.” आणि मग विचारतो, “कुठे आपटली होती का? खरे सांगा, म्हणजे मलाही पुढे नीट मांडता येईल.”

या प्रश्नाला खरे उत्तर देणे हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. मुलगा पडला असेल तर ‘नुसती उभी होती’ असे सांगण्याचा मोह होतो, आणि पुष्कळदा तो घरातील मोठ्यांनाच अधिक होतो. वर सांगितल्याप्रमाणे धातू स्वतःच साक्ष देतो. एकदा खोटे उघड झाले की उरलेल्या खऱ्या म्हणण्यावरही विश्वास बसत नाही. शिवाय सरळ सांगण्यात तोटा असतोच असे नाही; अपघातात सांगाडा गेला तरी काही कंपन्या मूळ मालकाला सवलतीच्या दरात नवा देतात. ती सवलत मागणाऱ्यालाच मिळते.

पुढचे काम कागदांचे. संपूर्ण सायकलचे साखळीच्या बाजूने एक छायाचित्र, चिरेचे जवळून एक, मापासाठी शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून आणखी एक, आणि पेडलच्या कवचाखाली कोरलेल्या क्रमांकाचे एक. सोबत खरेदीचे बिल. दुकानदार हे आयातदाराकडे किंवा कंपनीच्या भारतीय कार्यालयाकडे पाठवतो. प्रकरण येथवर सुरळीत चालते आणि बिलापाशी अडखळते.

व्यापारी घरांनी स्वतःकडे जरा निरखून पाहावे अशी ही जागा आहे. ओळखीच्या दुकानातून घेतले, चार पैसे वाचले, बिल घेतलेच नाही, हे एक. त्याहून अधिक आढळणारे दुसरे. बिल फर्मच्या नावाने घेतलेले असते, जीएसटीचे क्रेडिट मिळावे म्हणून. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर असे क्रेडिट कायद्याने मिळत नाही, ही गोष्ट कर सल्लागार सांगेलच. पण हमीच्या दृष्टीने पाहिले तरी मूळ खरेदीदार कोण? फर्म. सायकल चालवणारा कोण? मुलगा, जो फर्मचा भागीदारही नाही. कंपनीने ठरवले तर ती येथेच बोट ठेवू शकते. आणि उद्या ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली, तर व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही, हा आक्षेप समोरच्या वकिलाला आपणच हातात दिलेला असतो. मग सायकल घरगुती वापराची होती हे पटवून देत बसावे लागते, आणि ते पटले की क्रेडिट का घेतले याचे उत्तर द्यावे लागते. काही हजारांच्या करासाठी लाखाच्या वस्तूवरचा हक्क असा गढूळ करणे हा व्यापाराच्या हिशेबानेही तोट्याचाच सौदा. बिल चालवणाऱ्याच्या किंवा पालकाच्या नावाने असावे, त्यावर सांगाड्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीकडे नोंदणीची सोय असेल तर ती पहिल्याच आठवड्यात करावी.

कंपनीचे उत्तर यायला काही आठवडे लागतात. ते अनुकूल आले म्हणजे सारे संपले असे मात्र नसते. नवा सांगाडा मिळतो तो त्याच प्रकारचा, पण त्या वर्षी जो बनत असेल तो. जुना रंग मिळेलच असे नाही. रंगाचे दुःख चार दिवसांत विसरते. खरी अडचण मापांची. डोंगरी सायकलींची मापे गेल्या काही वर्षांत सारखी बदलत आली आहेत. मागच्या चाकाचा हब पूर्वी १३५ मिलिमीटर रुंद असे, मग १४२ आला, मग १४८. चाके २६ इंचांवरून २७.५ आणि २९ वर गेली. सीटचा दांडा २७.२, ३०.९, ३१.६ अशा निरनिराळ्या जाडीचा असतो. पेडलचा आस कोठे आट्यांनी बसतो, कोठे नुसता दाबून. परिणामी हमीत फुकट मिळालेल्या सांगाड्यावर जुने मागचे चाक बसत नाही, आणि नवे चाक हमीत येत नाही. जुनी सायकल खोलण्याची आणि नवी जोडण्याची मजुरी, गाडीभाडे, नव्या केबल, हेही अनेकदा ग्राहकाकडेच. म्हणून ‘मंजूर’ असा निरोप येताच दुकानदाराकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: नवा सांगाडा नेमका कोणता, आणि जुन्यांपैकी कोणते भाग त्यावर बसणार नाहीत. खर्च फार निघाला, तर त्याऐवजी दुसरे मॉडेल किंवा न बसणाऱ्या भागांवर सवलत मागता येते. कंपनी ती देण्यास बांधलेली नसते, पण चांगल्या दुकानदाराने शब्द टाकला तर अनेकदा देते.

या मासिकाच्या वाचकांत काउंटरच्या पलीकडे बसणारेही पुष्कळ आहेत. सायकलचे नसले तरी मिक्सरचे, पंख्याचे, मोबाइलचे. त्यांच्या दृष्टीने हे प्रकरण उलट दिशेने वाचण्याजोगे आहे. बिलावर आजही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ छापली जाते. २०१९ च्या कायद्याने सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे; बिल न देणे हीदेखील. ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला’ हे उत्तरही पूर्वीइतके निर्धास्त राहिलेले नाही. विक्रेत्याने जोडणीत किंवा तपासणीत योग्य ती काळजी घेतली नाही, अथवा कंपनीने दिलेली धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवली नाही, आणि त्यातून इजा झाली, तर जबाबदारी त्याच्यावरही येते. सीटच्या दांड्यावरची ती आडवी खूण येथे पुन्हा आठवावी. ती दाखवायला अर्धे मिनिट लागते. ती दाखवली याची बिलाच्या पाठीवर सही घ्यायला आणखी अर्धे.

हमीत बदलून दिलेल्या मालावर जीएसटी लागतो का, अशी शंका अनेक विक्रेत्यांना असे आणि त्या भीतीने काही जण प्रकरण पुढे ढकलीत. १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने याचा खुलासा झाला. हमीच्या मुदतीत सुटा भाग बदलून देताना ग्राहकाकडून वेगळे पैसे घेतले नसतील तर त्यावर पुन्हा कर लागत नाही, आणि उत्पादकाला इनपुट क्रेडिटही उलटवावे लागत नाही. सुट्या भागाबरोबर संपूर्ण वस्तू बदलून दिली तरी तेच लागू, हे २६ जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. विक्रेत्याने स्वतःच्या साठ्यातून माल दिला आणि त्याचे बिल कंपनीवर काढले, तर त्या बिलावर मात्र कर येतो. एवढी नोंद व्यवस्थित ठेवली की भीतीचे कारण उरत नाही.

आणि उत्तर प्रतिकूल आले तर? नकार तोंडी घेऊ नये. कोणत्या अटीखाली, कोणत्या कारणाने नाकारले, हे लेखी मागावे. पुष्कळ प्रकरणे एवढ्यावरच पुन्हा तपासली जातात, कारण ‘अपघात’ हा एक शब्द लिहून मोकळे होणे सोपे असते, पण कोणत्या खुणेवरून तो निष्कर्ष काढला हे लिहिताना छायाचित्र पुन्हा पाहावे लागते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तरीही मार्ग निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार पुण्यातच करावी लागेल असे नाही. ग्राहक राहतो तेथे, म्हणजे नगरलाही ती करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. दोष कारागिरीचा की वापराचा, हे डोळ्यांनी ठरण्यासारखे नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून तुटलेला सांगाडा निकालापर्यंत आहे त्या स्थितीत जपून ठेवावा. न घासता, न रंगवता. रागाने भंगारात घातलेला पुरावा परत येत नाही. तथापि एका सायकलीसाठी आयोगापर्यंत जावे का, हे प्रत्येक घराने आपापल्या वेळेचे मोल पाहून ठरवायचे. मुलाला इजा झालेली असेल तर मात्र तो विचार करीत बसू नये, जावे.

मंजूर झालेल्या प्रकरणाचा शेवटचा टप्पा पुष्कळ ग्राहकांना अनपेक्षित असतो. जुना सांगाडा कंपनी परत मागवते किंवा, दूरवरून वाहतूक परवडत नसल्याने, दुकानदारालाच तो करवतीने कापायला सांगते आणि कापलेल्या तुकड्यांचे छायाचित्र मागते. मालकाला ते पाहवत नाही. ‘राहू द्या, गावाकडे कोणी तरी वापरेल’ असेही सुचवले जाते. दुकानदाराने तेथे ऐकू नये. ती केसासारखी चीर ज्याला कोणी दाखवलेली नसते, असा कोणी तरी एक दिवस त्यावर बसतो. सांगाडा कापल्यावर नव्या सांगाड्याचा क्रमांक जुन्याच बिलावर लिहून, तारीख आणि दुकानाचा शिक्का घालून, ते बिल पुन्हा घरच्या फायलीत ठेवायचे. कारण बदलून मिळालेल्या सांगाड्याची हमी बहुतेक कंपन्या मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात.